आईच्या घराचं भाडं

आईच्या घरात राहायचं भाडं किती? आपल्याकडे असं विचारणाऱ्याकडे लोक बघतच राहतील. अमेरिकेत मात्र हा प्रश्न सरकारी हिशेबाचा भाग आहे.

तिथे 1974पासून ‘सप्लिमेंटल सिक्युरिटी इन्कम’ ही योजना चालू आहे. ज्यांच्याकडे फारसं उत्पन्न किंवा मालमत्ता नाही अशा वृद्ध, अंध आणि अपंग व्यक्तींना तिच्यातून दरमहा पैसे मिळतात. 2025 साली एका व्यक्तीसाठी केंद्राची कमाल रक्कम 967 डॉलर होती. अपंग मूल 18 वर्षांचं झालं की आईवडिलांची कमाई मोजणं थांबतं. तू आता सज्ञान आहेस, असं सरकार त्याला सांगतं. पण ते आईवडिलांच्याच घरी राहत असेल आणि घरखर्चातला आपला वाटा देत नसेल, तर ते फुकटचं छप्पर त्याचं उत्पन्न धरलं जातं. मग रक्कम सुमारे एक तृतीयांशाने कमी होऊ शकते. पूर्वी आईने वाढलेलं जेवणसुद्धा या हिशेबात यायचं. 30 सप्टेंबर 2024पासून ते वगळलं. छप्पर राहिलं.

कपात टाळायची तर वाटा द्यायचा. समजा घरात तिघं आहेत आणि भाडं, वीज, पाणी मिळून महिन्याला 1500 डॉलर लागतात, तर मुलाने 500 द्यायचे. म्हणजे सरकार मुलाला देणार, मुलगा आईला देणार, आणि आई तर एक पैसाही न घेता त्याला ठेवणारच होती. मग करदात्यांनी हे का भरायचं?

हा आक्षेप मला पोकळ वाटत नाही. मदत गरजेप्रमाणे द्यायची असेल, तर ज्याला कुणीच नाही आणि जो खोली भाड्याने घेऊन राहतो त्याची गरज जास्त आहे. सरकारकडचे पैसेही मोजकेच असतात.

तरी इथे एक गोष्ट निसटते. आईचं छप्पर मुलाचं उत्पन्न म्हणून मोजलं जातं, पण त्या छपराखाली ती रात्री दोनदा उठून त्याची कूस बदलते, ते याच हिशेबात तिचं काम म्हणून येत नाही. माया एकाच बाजूला मोजायची, हा कुठला हिशेब?

दुसरी गोष्ट मला जास्त महत्त्वाची वाटते. फुकट राहणाऱ्याला घरात प्रेम मिळतं, पण बोलायची जागा मिळेलच असं नाही. दार लावून घेणं, मित्राला रात्री थांबवून घेणं, टीव्हीचा आवाज कमी करायला सांगणं, या गोष्टी पाहुणा जपून करतो. तिशीतला माणूस स्वतःच्याच घरी जन्मभर पाहुणा राहू शकतो. वाट्याचे 500 डॉलर आईला श्रीमंत करत नाहीत. त्याला मात्र त्या घरातला रहिवासी करतात.

आपल्याकडे हिशेब वेगळा आहे, पण गाठ तीच. संजय गांधी निराधार योजनेत अपंग व्यक्तीच्या अर्जातही कुटुंबाचं उत्पन्न बघतात. आयकर कायद्यातली 75 हजारांची, तीव्र अपंगत्व असल्यास सव्वा लाखाची वजावट सांभाळणाऱ्याला मिळते. सांभाळणाऱ्याला आधार हवाच. पण दोन्हीकडे सज्ञान माणूस कुणाच्या तरी खात्यातली नोंद म्हणून उरतो.

उलट 2016च्या दिव्यांग हक्क कायद्याचं कलम 5 समाजात राहण्याचा हक्क देतं आणि अमुकच ठिकाणी राहायची सक्ती होऊ नये यासाठी सरकारने प्रयत्न करावा असं सांगतं. भारताने 2007मध्ये मान्य केलेला संयुक्त राष्ट्रांचा करारही म्हणतो की कुठे आणि कुणाबरोबर राहायचं हे त्या व्यक्तीने ठरवावं. पण हातात पैसेच नसतील तर निवड कसली? जो जाऊ शकत नाही, त्याच्या राहण्याला आपण ‘घरच्यांची ओढ’ म्हणतो.

म्हणून राहण्याच्या खर्चाची मदत आईवडिलांच्या घरी राहणाऱ्या अपंग माणसालाही मिळावी, कमी का असेना, आणि त्याच्या स्वतःच्या नावावर. ती घेऊन तो आईकडेच राहिला तर उत्तमच. तेव्हा तो तिथे राहतोय, ठेवलेला नाही, असं म्हणता येईल.