धनाचा विनियोग आणि देवाचा वाटा

आपल्या धर्माने धनाची निंदा केलेली नाही. धर्म, अर्थ, काम आणि मोक्ष या चार पुरुषार्थांत अर्थाचे स्थान धर्माच्या लगोलग आहे. धर्माला अनुसरून आलेले धन घरात लक्ष्मी होऊन नांदते. धर्माला डावलून आलेले धन ओझे होऊन बसते.

या संदर्भात देहूच्या श्री तुकाराम महाराजांचे चरित्र भाविकांनी आठवावे. महाराजांच्या घराण्यात वाण्याचा व्यवसाय आणि सावकारी होती. 1630 च्या सुमारास पडलेल्या भीषण दुष्काळात घरचे वैभव लयास गेले, प्रथम पत्नी अन्नावाचून निवर्तली. लोकांकडील येणे मात्र कर्जखतांच्या रूपाने शिल्लक होते. परंपरा सांगते की, महाराजांनी त्या खतांचे दोन भाग केले. एक भाग धाकटे बंधू कान्होबा यांच्या हाती दिला आणि केवळ आपल्या वाट्याची खते इंद्रायणीच्या डोहात सोडली.

बुडविलेल्या खतांचा गौरव सर्वत्र होतो. भावाला दिलेल्या खतांकडे सहसा लक्ष जात नाही. वास्तविक बोध तेथेच आहे. त्याग आपल्या हिश्शाचा करावा, दुसऱ्याच्या हिश्शाचा नव्हे. भावाच्या संसाराचा घास उचलून महाराजांनी आपले वैराग्य मिरविले नाही. देहूच्या भंगलेल्या देवालयाची दुरुस्तीही त्यांनी स्वतःच्या अंगमेहनतीने केली.

पुण्यश्लोक अहिल्यादेवी होळकर यांनी 1780 मध्ये काशीविश्वनाथाचे मंदिर पुन्हा उभे केले. ठिकठिकाणचे घाट आणि धर्मशाळा यांसाठी त्यांनी आपल्या खासगीच्या द्रव्यातून खर्च केला. येथेही सूत्र तेच आहे.

म्हणून दानपेटीसमोर उभे राहताना भाविकाने मनाशी एक प्रश्न विचारावा : हातातील हे धन खरोखर आपले आहे काय? मजुराची मजुरी थकली असेल, दुकानदाराची उधारी राहिली असेल, घरी आईचे औषध वा मुलांचे शिक्षण अडले असेल, तर त्या रकमेवर पहिला हक्क त्यांचा आहे. नवस फेडण्यासाठी व्याजाने पैसे काढून येणारेही भाविक असतात. त्यांनी निश्चिंत असावे. देव थांबतो, व्याज थांबत नाही. कर्ज फिटल्यावर वाहिलेले एक फूल देवाला पोहोचते.

पूर्वी सव्वा रुपया दक्षिणा ठेवण्याची रीत होती. 30 जून 2011 नंतर चार आण्यांचे नाणे चलनात राहिले नाही. तरी 11, 21, 51 असे आकडे धरून भाविक तोच भाव जपतात. रकमेची पूर्तता झाली तरी श्रद्धा तेथे संपत नाही, असा त्या वरच्या एका रुपयाचा संकेत आहे.

जे दात्याला लागू, तेच घेणाऱ्यालाही लागू आहे. सार्वजनिक विश्वस्त व्यवस्थेच्या 1950 च्या कायद्यान्वये देवस्थानास जमाखर्च ठेवून त्याची तपासणी करून घ्यावी लागते. देवाचे धन हे विश्वस्तांचे धन नव्हे. भाविकांनी देणगीची पावती अवश्य मागून घ्यावी; त्यात अविश्वास नाही, धर्माचीच जपणूक आहे.

सर्वांच्या घरी कष्टाचे अन्न आणि ऋणमुक्त मन नांदो, हीच श्रीचरणी प्रार्थना.