जोड्यावरचा रंग

बाजारांतून आणलेल्या पांढऱ्या कापडी बुटांवर घरीं बसून कुंचल्यानें वेली, पक्षी, नक्षत्रें किंवा आपल्या नांवाचीं अक्षरें रंगविण्याची चाल अलीकडे तरुण मंडळींत बरीच पसरली आहे. अशा बुटांस ते स्नीकर म्हणतात. मोठ्या शहरांतली ही हौस अंबाजोगाईसारख्या, विद्यार्थ्यांनीं गजबजलेल्या गांवींही येऊन पोहोंचावी, यांत नवल नाहीं. घरांतील वडील माणसें हें पाहून हंसतात आणि म्हणतात, 'अरे, पायांत घालावयाची वस्तु, चिखलांत जावयाची. तिच्यावर दोन दिवस घालविण्यांत काय मिळविलेंस?' हा प्रश्न वरवर थट्टेचा दिसतो. परंतु विचार करूं लागलें असतां त्यांत नीतीचे दोन जुने प्रश्न दडलेले आढळतात. झिजून नाहींशा होणाऱ्या आणि लोकांनीं हलकी मानलेल्या वस्तूवर मनापासून श्रम करावे काय, हा पहिला. आणि पैसे देऊन घेतलेली वस्तु अशा श्रमानें अधिक आपली होते काय, व ती तशी होऊं द्यावी काय, हा दुसरा.

प्रथम या कामाचें स्वरूप पाहूं. कापडावरचा हा रंग म्हणजे पाण्यांत मिसळलेली रंगाची पूड आणि चिकट राळेसारखे कृत्रिम पदार्थाचे सूक्ष्म कण यांचें मिश्रण होय. पाणी उडून गेलें म्हणजे ते कण एकमेकांस चिकटतात व धाग्याभोंवतीं लवचिक पापुद्रा धरतात. पुढें उष्णता दिली म्हणजे तो पक्का होतो. कपडा असेल तर उलट बाजूनें इस्त्री फिरवावी. बुटाच्या आंत इस्त्री जात नाहीं, म्हणून गरम हवेचा झोत द्यावा लागतो. नव्या कापडाला खळ असते. ती धुऊन काढली नाहीं तर रंग वरच्या वर राहतो. एक जाड थर देण्यापेक्षां दोन पातळ थर देणें बरें, कारण जाड थराला लौकर भेगा पडतात. रबरी कडेवर हा रंग टिकत नाहीं, आणि चालतांना बोटांपाशीं जेथें बूट दुमडतो तेथें तो प्रथम फुटतो. तेव्हां हें काम करणाराला घाई सोडावी लागते, वस्तूचा स्वभाव ओळखावा लागतो, आणि आपली कृति कोठें फुटणार हें आधींच ठाऊक असूनही ती नीट करावी लागते. ही शेवटची गोष्ट लक्षांत ठेवण्यासारखी आहे.

आतां, ही इच्छा मनुष्यास होते तरी कां? पूर्वीं गांवांत जोडा शिवणारा आणि जोडा घालणारा एकमेकांस ओळखीत असत. कारागीर पायाचें माप घेई आणि त्याचा मोबदला बलुत्याच्या रूपानें खळ्यावर मिळे. त्या व्यवस्थेंत अन्याय पुष्कळ होता, आणि त्याविषयीं पुढें बोलूंच; परंतु जोडा कोणी केला हें मात्र जोडा घालणाराला ठाऊक असे. रबर उष्णतेनें व गंधकानें पक्कें करण्याच्या कृतीचें अमेरिकेंतील पेटंट चार्लस गुडइयर यानें १८४४ सालीं घेतलें. पुढें कापड व रबर यांचा जोड कारखान्यांतून निघूं लागला. अमेरिकेंत केड्स हे बूट १९१६ सालीं आणि कॉन्व्हर्स कंपनीचे ऑल स्टार १९१७ सालीं बाजारांत आले. आपल्याकडे १८९४ सालीं झ्लीन येथें स्थापन झालेल्या बाटा कंपनीनें १९३० नंतरच्या दशकांत कलकत्त्याजवळ बाटानगर वसविलें, आणि पांढरे कापडी बूट शाळेच्या गणवेशाचे सोबती झाले. हजारों पायांस एकाच सांच्याचे बूट मिळाले. अनवाणी फिरणाऱ्या देशांत हा लाभ लहान नव्हे, आणि त्याची निंदा करणें कृतघ्नपणाचें होईल. तथापि करणाराचा हात मात्र वस्तूंतून नाहींसा झाला, हेंही तितकेंच खरें. घरीं बसून बूट रंगविणारी मुलगी त्या पुसल्या गेलेल्या हाताच्या जागीं आपला हात ठेवीत असते.

जॉन लॉक यानें सतराव्या शतकाच्या अखेरीस असें प्रतिपादिलें कीं, निसर्गांतील वस्तूंत मनुष्यानें आपला श्रम मिसळला म्हणजे ती वस्तु त्याची होते. आमच्या प्रश्नास हें मत पुरें पडत नाहीं; कारण बूट कायद्यानें आधींच विकत घेणाराचा झालेला असतो. रंगविल्यानें वाढतें तें स्वामित्व नव्हे, ममत्व होय. आणि ममत्व म्हटलें कीं आपल्याकडील विचारवंतांच्या कपाळास आठी पडते. 'माझें माझें' हेंच तर बंधनाचें मूळ असें शतकानुशतकें सांगितलें गेलें आहे. शिवाय व्यापारीही हें ममत्व ओळखून आहेत. नाइकी कंपनीनें १९९९ सालीं ग्राहकानें आपल्या पसंतीचे रंग सांगावे व कारखान्यानें तसे बूट करून द्यावे अशी सोय सुरू केली. म्हणजे 'मी इतरांहून निराळा' ही भावनाही विकाऊ माल झाली. तेव्हां घरची ही हौस म्हणजे अहंकाराचेंच एक स्वस्त रूप नव्हे काय?

या शंकेचें उत्तर शोधण्यास अंबाजोगाईच्या बाहेर जावें लागत नाहीं. ज्या गांवीं आद्यकवि मुकुंदराजांची समाधि आहे, त्याच गांवीं दासोपंतांचीही समाधि आहे. दासोपंतांचा काल इ. स. १५५१ ते १६१५. लिहिण्याचा त्यांचा उद्योग इतका अफाट, कीं त्यांना रोज ढब्बू पैशाची शाई लागे अशी आख्यायिका झाली. त्यांनीं एक ग्रंथ कागदावर न लिहितां पासोडीवर लिहिला. पासोडी म्हणजे थंडीवाऱ्यांत अंगावर घ्यावयाचें जाडेंभरडें सुती वस्त्र. सुमारें ४० फूट लांब आणि ४ फूट रुंद अशा त्या कापडावर त्यांनीं अक्षरांची ओळीमागून ओळ उतरविली. चारशें वर्षें होऊन गेलीं, तरी मराठी वाङ्मयांत तें कापड एकमेव म्हणून ओळखलें जातें.

आणि विषय कोणता? पंचीकरण. पांच सूक्ष्म भूतांपैकीं प्रत्येकाचे दोन भाग करावयाचे, एक अर्ध तसेंच ठेवावयाचें, दुसऱ्या अर्धाचे चार भाग करून ते इतर चार भूतांस वांटावयाचे, आणि या मिसळणीनें स्थूल सृष्टि व हा देह कसा घडला तें दाखवावयाचें. हेतु हा कीं, देह हा जोडलेला पदार्थ आहे, तो सुटून जाणार, म्हणून त्यास 'मी' म्हणूं नये. आतां विचार करावा. जें कापड जीर्ण होणार त्यावर, जो देह पडणार त्याच्या हातानें, सर्व जोडलेले पदार्थ नाशवंत आहेत असा सिद्धान्त एवढ्या निष्ठेनें लिहिला गेला! वस्तु नाशवंत आहे एवढ्यावरून तिच्यावरील श्रम व्यर्थ ठरत असता, तर हा ग्रंथ पहिल्या ओळीपाशींच थांबला असता. यावरून आम्हांस असें वाटतें कीं, आस्था निराळी आणि आसक्ति निराळी. वस्तु टिकावी म्हणून जी धडपड ती आसक्ति; वस्तु टिको न टिको, हातीं आहे तोंवर तिच्याशीं नीट वागावें ही आस्था. फुटणार हें जाणूनही रंगाचा थर पातळ आणि सारखा देणारा हात आस्थेच्या बाजूचा असूं शकतो.

कोणी म्हणेल, 'कोठें संताची पासोडी आणि कोठें पोरांचे जोडे! जोडा ती हलकी वस्तु.' योग्यतेचा भेद आम्हांस मान्य आहे. कागदास पाय लागला तर आपण नमस्कार करतों. देवादिकांचीं चित्रें जोड्यावर काढूं नयेत, कारण त्यानें दुसऱ्यांचें मन दुखावतें. परंतु जोडा जात्याच हलका हें आम्हांस मान्य नाहीं. ज्या समाजानें दत्ताच्या पादुका मस्तकीं लावल्या, त्यानें तसें म्हणूं नये. या हलकेपणाच्या कल्पनेचा इतिहासही भला नाहीं. पाय हलका, म्हणून जोडा हलका, म्हणून जोडा करणारा हलका, अशा पायऱ्यांनीं ती खालीं उतरली आणि मनुष्यांपर्यंत पोहोंचली. बाराव्या शतकांतील कल्याणच्या हरळय्या या कारागीराची कथा शेजारच्या मुलखांत प्रसिद्ध आहे: पतिपत्नींनीं आपल्या मांडीचें कातडें काढून बसवण्णांसाठीं जोडे केले. कथा ज्या अर्थानें घ्यावयाची त्या अर्थानें घ्यावी; पण जोड्यांत मनुष्य आपलें सर्वस्व घालूं शकतो, असा दावा त्या काळींच मांडला गेला होता, हें तिच्यावरून दिसतें. जोड्याकडे आदरानें पाहण्यास शिकणारें मूल तो करणाराकडेही आदरानें पाहूं लागेल, अशी आशा करण्यास हरकत नाहीं.

याहून कठीण आक्षेप निराळाच आहे. बीड जिल्ह्यांतून दर वर्षीं पावसाळा संपला कीं कुटुंबेंच्या कुटुंबें ऊसतोडीला बाहेर पडतात. जेथें धड पादत्राण हीच गरज, तेथें पादत्राणावर नक्षी हा निव्वळ चोचला नव्हे काय? हा प्रश्न टाळतां येत नाहीं. परंतु त्यांतील गृहीत तपासून पाहावें: आधीं गरज भागावी, मग शोभा यावी. आपल्या लोकांनीं हें गृहीत कधींच मानलेलें नाहीं. जुन्या लुगड्यांची गोधडी शिवणारी बाई ठिगळांचे रंग जुळविते. पोळ्याला बैलाचीं शिंगें रंगविली जातात, आणि दुसऱ्या दिवशीं तींच शिंगें घेऊन बैल कामाला जातो. दारापुढची रांगोळी तर पायांखालीं जाण्यासाठींच काढलेली असते. शोभा ही श्रीमंतीची उरलीसुरली शिलक नसून दारिद्र्यांतही मनुष्यानें राखलेला आपला मान आहे. अन्याय आहे तो नक्षींत नव्हे. एकाला जोड्यांचे दहा जोड आणि दुसऱ्याला एकही नाहीं, यांत आहे.

येथेंच या हौसेची कसोटी सांपडते. रंग फुटला, टांच झिजली, शिवण उसवली, म्हणजे रंगविणारा काय करतो? नव्या चित्रासाठीं नवा जोड आणीत असेल, तर तो रंग ममत्वाचाही नव्हे, केवळ हांवेचा होय; बुटांऐवजीं त्यानें चित्रें विकत घेण्यास आरंभ केला एवढेंच. पण तो फुटलेला भाग पुन्हा भरीत असेल, रस्त्याकडेला बसलेल्या कारागीराकडून शिवण घालून घेत असेल, आणि दोन वर्षें तोच बूट वापरीत असेल, तर वडिलांनीं हंसण्याचें कारण नाहीं. उलट, एका वस्तूंत मन गुंतल्यामुळें दहा वस्तूंची तहान भागली, असेंच म्हणावें लागेल. अशा ठिकाणीं थोडें ममत्वच वैराग्याच्या कामीं येतें.

तेव्हां आरंभीं मांडलेल्या दोन प्रश्नांस आमचें उत्तर असें: नाशवंत वस्तूवर मनापासून श्रम करावे, कारण मनुष्याच्या हातीं दुसऱ्या प्रकारची वस्तु येतच नाहीं. आणि रंगविल्यानें वस्तु अधिक आपली होते हें खरें. मात्र आपली झालेली वस्तु सांभाळण्याचें ऋणही त्याबरोबर आपल्याकडे येतें. तें ऋण ज्यास मान्य असेल त्यानें खुशाल कुंचला हातीं घ्यावा.