तिसरा माणूस

कोलकात्याजवळच्या न्यू टाउनमध्ये जवळपास सगळेच उपरे. राजारहाटच्या भातशेतांवर पंचवीसेक वर्षांत उभं राहिलेलं हे शहर. इथे कुणाचा आजा कुणाला ठाऊक नाही. अशा ठिकाणी खालच्या मजल्यावरच्या दादांनी मृत्युपत्रासाठी मला विचारलं, "आपनी शाक्खी होबेन?" मी कागद वाचायला घेतला, तर वकील म्हणाले, मजकुराशी तुमचा संबंध नाही. दादा सही करतील ती पाहा, मग त्यांच्यासमोर तुम्ही करा.

१९२५च्या भारतीय उत्तराधिकार कायद्याचं कलम ६३ निदान दोन साक्षीदार मागतं. त्यांना इस्टेटीतलं काही कळलं पाहिजे, अशी अट नाही. 'अटेस्ट' या क्रियापदाचं मूळ पाहिलं की यातलं नवल कमी होतं. ते लॅटिन 'टेस्टिस'वरून आलं, आणि 'टेस्टिस' म्हणजे मुळात बाजूला उभा असलेला तिसरा, असं भाषाशास्त्रज्ञ मानतात. पाणिनीचा साक्षी साक्षात पाहणारा. उभं राहायचं आणि पाहायचं, बस्स.

आपल्याकडचा महजर मात्र याहून बरंच जास्त मागायचा. वतनाचा तंटा गोतसभेपुढे आला की पाटील, शेटे, बलुतेदार बसत, आणि निवाड्याच्या कागदावर ज्याची त्याची निशाणी पडे: पाटलाचा नांगर, शेट्याचा तराजू. ती माणसं पिढ्यान्‌पिढ्यांची हकीकत जाणणारी. त्या जाणण्यालाच वजन होतं. (जाणत्यांच्या गोतात खोटी ग्वाही देणारेही असणारच, गाव म्हणजे काही सत्ययुग नव्हे.)

गुणपत्रिकेच्या झेरॉक्सवर सही-शिक्का मारणारा राजपत्रित अधिकारी या दोहोंत कुठेच बसत नसे. तो आपल्याला ओळखत नसे, आणि पुष्कळदा मूळ प्रतही पाहत नसे. २०१४च्या सुमारास केंद्र सरकारने स्वयंसाक्षांकनावर भर दिला, ते बरंच झालं. आता तिसरा माणूस उरलाच नाही, पण निदान तो असल्याचं सोंगही गेलं.

मृत्युपत्राला मात्र अजून तो लागतोच. पुढे वाद कोर्टात गेला तर, हयात असल्यास, निदान एका साक्षीदाराची जबानी घ्यावी लागते. म्हणून वकिलांनी दुसरा साक्षीदार मुद्दाम तरुण निवडला, आमच्याच टॉवरमधला भाडेकरू. त्याला न्यू टाउनचा पत्ता लिहू दिला नाही. गावाकडचा, वडिलांच्या घराचा लिहायला लावला.