हेत्वाभास ओळखावा

श्रोते सज्जनहो, ज्ञानेश्वर महाराजांनी शके १२१२ मध्ये ज्ञानेश्वरी सांगितली, तेव्हा आरंभीच्या गणेशरूपकात सहा दर्शने हे गणपतीचे सहा हात कल्पिले. त्यांत वेदांत हा मोदक आणि तर्क हा परशु. मोदक सर्वांना आवडतो. परशूकडे मात्र आपण पाहत नाही. "आम्ही भोळे भाविक, आम्हाला तर्क कशाला?" असे म्हणून मोकळे होतो. पण अहो, भोळेपणा देवापाशी शोभतो. कोणाला साप डसला, तर भोवती जमलेल्या मंडळींच्या भोळेपणाने त्याचा प्राण जातो. म्हणून त्या परशूची धार आज थोडी पाहू.

गौतममुनींच्या न्यायसूत्रांत सोळा पदार्थ सांगितले आहेत. त्यांतला तेरावा हेत्वाभास. ज्या कारणावरून आपण निष्कर्ष काढतो, तो हेतु. डोंगरावर धूर दिसला, म्हणून तेथे विस्तव आहे. येथे धूर हा हेतु. जो हेतूसारखा दिसतो पण हेतूचे काम करीत नाही, तो हेत्वाभास. खोटा रुपया दिसायला रुपयाच, पण बाजारात चालत नाही, तसे. अन्नंभट्टांच्या तर्कसंग्रहात त्याचे पाच प्रकार आहेत. शास्त्रातली उदाहरणे बाजूला ठेवू आणि पावसाळ्यातल्या एका रात्रीचे बोलणे ऐकू. अंधारात वस्तीवरच्या एका पोराला काहीतरी चावले, माणसे जमली, आणि जो तो बोलू लागला.

पहिला म्हणतो, "मागच्या साली अमक्याला मांत्रिकाकडे नेला, तो वाचला; म्हणजे मंत्राने विष उतरतं." हा सव्यभिचार. हेतु कोणता? तर 'वाचला' हा. पण मंत्र नसतानाही माणसे वाचतातच! आपल्याकडचे बहुतेक साप बिनविषारी. विषारी सापही कधी चावतो पण विष सोडीत नाही. असा माणूस मांत्रिकाकडे नेला तरी वाचतो, पारावर बसवला तरी वाचतो. दोन्ही घरी जेवणारा पाहुणा अमक्याच घरचा, असे कसे म्हणावे?

दुसरा म्हणतो, "धामणच असणार, भीती नाही." हा असिद्ध. अंधारात धामण पाहिली कोणी? मण्यार चावली तर पुष्कळदा दाताची खूण दिसत नाही, आणि फारसे दुखतही नाही. पायाच नाही, त्यावर माडी कसली बांधता?

तिसरा म्हणतो, "पाय सुजत चालला, रक्त वाहतंय; म्हणजे विष बाहेर पडतंय." हा विरुद्ध. घोणस, फुरसे यांच्या विषाने सूज चढते, रक्त गोठेनासे होते. विष अंगात काम करीत असल्याची ती खूण. आपण आणलेला साक्षीदारच उलट साक्ष देतो!

चौथा म्हणतो, "दवाखान्यात काय ठेवलंय? तमका तिथं गेला नि मेला." लगेच कोणी उत्तर देतो, "अन् फलाणा तिथंच वाचला की!" हा सत्प्रतिपक्ष. दोन्ही पारडी सारखी, निर्णय कशाचाच नाही. येथे आवाज चढवू नये, विचारावे: तमका किती वेळाने पोहोचला? आधी रात्रभर मांत्रिकाच्या दारात होता काय?

पाचवा म्हणतो, "आपल्या गावावर पांडुरंगाची कृपा, इथं विष चढतच नाही." हा बाधित. विस्तव थंड आहे असे कितीही कारणे देऊन सांगा, हात लावताच ते खोटे ठरते. इकडे त्या पोराच्या पापण्या मिटत चालल्या, जीभ जड झाली. नागाच्या, मण्यारीच्या विषाची ती लक्षणे. डोळ्यांना दिसते त्यापुढे असले अनुमान टिकत नाही.

सज्जनहो, पाचांचे बोलणे होईपर्यंतचा सगळा वेळ विषाला मिळाला. इ. स. २००० ते २०१९ या वीस वर्षांत देशात सर्पदंशाने सुमारे १२ लाख माणसे दगावली, असा अभ्यासकांचा अंदाज २०२० साली प्रसिद्ध झाला. बहुतेक खेड्यांतली, आणि निम्मे मृत्यू जून ते सप्टेंबर, म्हणजे आपल्या आषाढीच्याच दिवसांत.

कोणी शंका घेईल, "बुवा, मग नामावर विश्वास नाही काय?" आहे ना! नाम अखंड घ्यावे. पण दवाखान्याच्या वाटेवर, गाडीत बसून घ्यावे. जखम कापू नये, चोखू नये, करकचून बांधू नये. डसलेला अवयव हलू देऊ नये, माणसाला धीर द्यावा आणि थेट सरकारी रुग्णालयात न्यावे. नाग, मण्यार, घोणस, फुरसे या चौघांच्या विषावर चालणारे प्रतिविष तेथे टोचतात. माळेचे मणी १०८, आणि रुग्णवाहिका बोलावण्याचा क्रमांकही १०८. दोन्ही ध्यानात असावेत.

हा परशु पंक्तीतल्या माणसाला हरवण्यासाठी उगारू नये. पाचही जण त्या पोराचे हितच चिंतीत होते. म्हणून कोणालाही मूर्ख न म्हणता एवढेच विचारावे, "बाबा, हे तू कशावरून म्हणतोस?" आणि तोच प्रश्न आधी आपल्या मनाला विचारावा.

रामकृष्ण हरि.