मुंगीचा इशारा आणि आपले महामार्ग



दिव्य कुरआनच्या 27 व्या सूरहचे नाव ‘अन-नम्ल’ म्हणजे मुंगी असे आहे. हजरत सुलैमान (अ.) यांचे सैन्य मुंग्यांच्या खोऱ्यापाशी येते, तेव्हा एक मुंगी आपल्या जमातीला बिळात शिरण्याचा इशारा देते. हे सैन्य आपल्याला चिरडून जाईल आणि त्यांना त्याची जाणीवही होणार नाही, अशी भीती ती व्यक्त करते. या अखेरच्या शब्दांकडे भाष्यकारांनी लक्ष वेधले आहे. प्रेषिताचे सैन्य जाणूनबुजून एका मुंगीवरही अन्याय करणार नाही, असा सद्भाव त्या इवल्या जिवाच्या मनात आहे. तिचे बोलणे ऐकून हजरत सुलैमान (अ.) स्मित करतात आणि कृतज्ञतेची व सत्कर्माची बुद्धी अल्लाहपाशी मागतात.

येथे एक प्रश्न उभा राहतो. नकळत घडलेल्या हानीला क्षमा असू शकेल. पण जे कळले आहे, मोजले आहे, नकाशावर उतरले आहे, त्याचे काय?

पालघर जिल्ह्यातील वाचकांसाठी हा प्रश्न दूरचा नाही. तारापूर औद्योगिक वसाहतीतून निघालेला माल बोईसर-चिल्हार रस्त्याने मुंबई-अहमदाबाद महामार्गाला लागतो. हाच महामार्ग पुढे वसई तालुक्यात तुंगारेश्वरच्या डोंगराजवळून जातो. 2003 साली घोषित झालेले हे अभयारण्य सुमारे 85 चौरस किलोमीटरचे आहे. वन्यजीव संरक्षण कायदा, 1972 च्या पहिल्या अनुसूचीत, म्हणजे सर्वाधिक संरक्षणाच्या यादीत, असलेला बिबट्या या जंगलात राहतो, आणि याच महामार्गावर वाहनांच्या धडकेने बिबटे मेले आहेत. त्यात आता तलासरी, डहाणू, पालघर आणि वसई या तालुक्यांतून जाणाऱ्या मुंबई-वडोदरा द्रुतगती मार्गाची भर पडत आहे. वाढवण बंदराची पायाभरणी 30 ऑगस्ट 2024 रोजी झाली. त्या बंदरालाही महामार्गाने जोडले जायचे आहे. डहाणू तालुका तर केंद्र सरकारनेच 1991 साली पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील ठरवला होता. म्हणजे या भूमीचे नाजूकपण सर्वांना ठाऊक आहे. ‘आम्हाला कळले नाही’ ही सबब येथे उरलेली नाही.

कोणी म्हणेल, याच महामार्गावर माणसे मरतात, शेतकऱ्यांच्या आणि आदिवासींच्या जमिनी जातात. मग बिबट्याची चिंता कशाला? आक्षेप रास्त आहे आणि माणसाच्या प्राणाचे मोल शरीअतने फार वर ठेवले आहे. परंतु माणूस सुनावणीत उभा राहू शकतो, मोबदला मागू शकतो, न्यायालयात जाऊ शकतो. बिबट्याच्या नावावर सातबारा नसतो. सूरह अल-अनआमच्या 38 व्या आयतीत जमिनीवर चालणाऱ्या आणि पंखांनी उडणाऱ्या जिवांना आपल्यासारख्याच उम्मती म्हटले आहे. ज्या उम्मतीला आपल्या दरबारात वाचा नाही, तिची बाजू मांडणे हे खलीफा म्हणून सोपवलेल्या अमानतीचाच भाग आहे. शिवाय रात्री अचानक रस्त्यावर आलेले जनावर दुचाकीस्वाराचाही जीव घेते. त्याला रस्त्याखालून वाट दिली, तर दोघेही वाचतात.

इस्लाम रस्ता बांधू नका असे सांगत नाही. फिकहचा नियम असा की, गरजेमुळे मिळालेली सवलत गरजेच्या मापापुरतीच असते. रस्ता ही गरज असेल. पण तो कोणत्या बाजूने न्यावा, जंगलात किती रुंद ठेवावा आणि खर्च वाचवण्यासाठी भुयारी वाट गाळावी काय, हे सारे गरजेच्या नावाखाली खपवता येत नाही. हिजरी सन 8 मध्ये मक्केकडे निघालेल्या सैन्याच्या वाटेत पिलांना पाजणारी एक कुत्री होती. सैन्यातील कोणी तिला त्रास देऊ नये म्हणून प्रेषित मुहम्मद (स.) यांनी तिच्यापाशी एक माणूस उभा केला, अशी नोंद सीरतकार वाकिदी यांनी केली आहे. सैन्य थांबले नाही, मोहीम रद्द झाली नाही आणि त्या मातेलाही धक्का लागला नाही.

असे आजही घडू शकते, याचे उदाहरण आपल्याच राज्यात आहे. नागपूरच्या उत्तरेला पेंच व्याघ्र प्रकल्पाजवळून जाणारा राष्ट्रीय महामार्ग 44 रुंद करताना, वन्यजीवप्रेमींच्या न्यायालयीन लढ्यानंतर, महाराष्ट्राच्या हद्दीत प्राण्यांसाठी रस्त्याखाली नऊ वाटा ठेवण्यात आल्या. 2019 मध्ये भारतीय वन्यजीव संस्थेने तेथे कॅमेरे लावले, तेव्हा 18 जातींचे वन्यप्राणी त्या वाटांनी जाताना टिपले गेले. त्यांत 11 वाघ होते. वर वाहने धावत होती आणि खालून वाघ जात होता.

मग आपले कर्तव्य काय? जिथे प्रकल्पाची जनसुनावणी होते, तिथे तिची नोटीस वाचावी, उपस्थित राहावे आणि जे ठाऊक आहे ते सांगावे. साक्ष लपवणाऱ्याचे अंतःकरण पापी असल्याचे सूरह अल-बकराहच्या 283 व्या आयतीत बजावले आहे. ती आयत देण्याघेण्याच्या व्यवहारासंबंधी असली, तरी सत्य दडवण्याचा दोष व्यवहार बदलल्याने नाहीसा होत नाही. आपल्यापैकी जो अभियंता आहे त्याने आराखड्यातील मोरी कागदावरच राहू देऊ नये. जो कंत्राटदार आहे त्याने ती राडारोड्याने बुजवू नये. जो ट्रक किंवा टेम्पो चालवतो त्याने जंगलाच्या पट्ट्यात रात्री वेग कमी करावा. वाटेतून त्रासदायक वस्तू दूर करणे ही ईमानची एक शाखा आहे, असे हदीस सांगते. मग आपण बांधलेली वाटच एखाद्या उम्मतीसाठी त्रास ठरत असेल, तर त्याचा विचार आपल्याला करावाच लागेल.

त्या मुंगीने सैन्याविषयी बाळगलेला सद्भाव आपल्याविषयीही कोणी बाळगावा, अशी पात्रता अल्लाह आपल्याला देवो. आमीन.