परतीचा पाऊस

आश्विन लागला की पंचांग पावसाला निरोप देते. मुंबईचा पाऊस मात्र तो निरोप मनावर घेत नाही. सकाळी लख्ख ऊन पडते, दुपारी अंगाची लाही होते, आणि चारच्या सुमारास पूर्वेकडून काळे ढग चढून येतात. निघालेला पाहुणा दारात चपला शोधता शोधता पुन्हा गप्पांत रमावा, तसा हा पाऊस जाता जाता रेंगाळतो.

मला तो फार आवडतो. परळच्या एका चाळीत तिसऱ्या मजल्यावर माझी खोली आहे. हातात चहाचा कप घेऊन गॅलरीत उभे राहावे. वरून पागोळ्या गळत असतात, खाली ओल्या रस्त्यावर दिव्यांचे पिवळे पट्टे हलतात, छत्र्यांची दाटी सरकत जाते, कुणाच्या तरी खोलीतून भज्यांचा वास येतो. वीस वर्षांपूर्वी कोकणातून आलो तेव्हा हे शहर मला परके वाटे. अशाच एका संध्याकाळी ते आपले झाले, असा माझा समज होता. माझ्या कादंबऱ्यांतला पाऊसही याच गॅलरीतून पाहिलेला आहे.

यंदा आषाढात सातवीच्या वर्गाला मी निबंधाचा विषय दिला, ‘पाऊस आणि मी’. घाटकोपरच्या डोंगरावरच्या वस्तीत राहणाऱ्या एका मुलीने लिहिले, ‘पाऊस आला की आई पाच भांडी मांडते. पातेल्याचा आवाज जाड असतो, वाटीचा बारीक. रात्री मी डोळे मिटून सांगते, आता कुठले भांडे भरले.’ मी दहापैकी चार गुण दिले आणि तांबड्या शाईने शेरा मारला, ‘विषयाला सोडून. पावसाचे सौंदर्य यायला हवे.’

वही परत घेताना ती हळूच म्हणाली, “सर, ते कुठून बघायचं असतं?”

या प्रश्नात उद्धटपणा मुळीच नव्हता. तिला खरोखरच ती जागा ठाऊक नव्हती. मला मात्र उत्तर सुचले नाही. कारण खरे उत्तर ‘माझ्या गॅलरीतून’ असे होते.

२६ जुलै २००५ चा दिवस मुंबईकर विसरलेला नाही. त्या एका दिवसात सांताक्रूझला ९४४ मिलिमीटर पाऊस पडला, आणि त्याच दिवशी कुलाब्याला सुमारे ७३. शहर एक, दिवस एक. अंतर जेमतेम वीस-बावीस किलोमीटरचे. पण एकीकडे माणसे बुडत होती आणि दुसरीकडे श्रावणाआधीची नेहमीची सर पडून गेली होती. पाऊस कसा होता, या प्रश्नाला त्या दिवशी एक उत्तर नव्हतेच. तुम्ही कुठे उभे होता, यावर ते अवलंबून होते.

मग कोरड्या जागी उभे राहून पावसाचा आनंद घेणे हा अपराध आहे काय? कुणी म्हणेल, तुम्ही चहा न प्यायल्याने कुणाचे छप्पर गळायचे थांबत नाही. हे अगदी खरे आहे. म्हणून कितीतरी दिवस मी या प्रश्नाशी घोळत राहिलो.

त्याची उकल झाली ती आईच्या फोनने. नवरात्रात एका संध्याकाळी मी पावसाकडे पाहत रंगून गेलो होतो. आई विचारत होती, “तिकडे पण लागलाय का रे? इथे हळवं भात कापून पसरलंय. भिजलं तर कोंब येतील.” क्षणात माझ्या पावसाचा रंग बदलला. मला लहानपणचा हादगा आठवला. सूर्य हस्त नक्षत्रात गेला की पाटावर हत्ती काढून मुली त्याच्याभोवती फेर धरीत. हाच हस्ताचा पाऊस उभे भात आडवे करू शकतो, हे त्यांच्या आयांना चांगले ठाऊक होते. तरीही गाणी होत, खिरापत ओळखली जाई. त्यांच्या गाण्यात धास्ती आणि कौतुक एकाच फेरात हात धरून होती. ती वेगळी काढली मी. शहरात येऊन, गॅलरी मिळाल्यावर.

मला आता वाटते, ज्या गावी पाऊस आला की आपल्याला कुणाची तरी काळजी वाटते, तेच आपले घर. नुसता पाऊस आवडला म्हणून परळ माझे झाले नव्हते. तोवर मी येथे पाहुणाच होतो. आणि काळजीने काव्य नासते हेही खरे नाही. पातेल्याचा आणि वाटीचा आवाज त्या मुलीने वेगळा ओळखला. इतकी वर्षे पावसावर लिहून मला तो ऐकू आला नव्हता.

मी तिची वही मागून घेतली आणि चाराचे आठ केले. तांबड्या शाईचा शेरा मात्र खोडला तरी दिसतोच.

परवा शाळा सुटायच्या वेळी ढग भरून आले. मी तिला विचारले, “आज किती भांडी?”

“दोनच, सर,” ती हसून म्हणाली. “मामानं ताडपत्री टाकली.”

त्या रात्री गॅलरीत पागोळ्या बादलीत पडत होत्या. मी डोळे मिटले, आणि बादली कधी भरते ते ऐकत उभा राहिलो.