एका बिंदूचे अनेक उतार

दोन चलांच्या फलनाला एका बिंदूपाशी एकच उतार नसतो. लातूरच्या आसपास बालाघाटाच्या कोणत्याही उतरत्या रानात हे दिसते: समपातळी बांधावरून चालणाऱ्याला जमीन सपाट लागते, तिथूनच ओढ्याकडे वळणाऱ्याला घसरण लागते. दोघांचेही खरे असते. लातूर-नांदेडच्या शिकवण्यांत बारावीपर्यंत घोटून घेतलेल्या कलनात हा प्रश्न उद्भवत नाही. तिथे गुळगुळीत वक्राला स्पर्शिका एक आणि उत्तरही एक. पदवीच्या वर्गात ‘पार्शल डेरिव्हेटिव्ह’, म्हणजे आंशिक अवकलज, येते आणि य स्थिर धरून फक्त क्ष बदलायला सांगते. कृती सोपी आहे, हात लवकर बसतो. अवघड आहे ते तिच्यामागचे कोडे: एक बाजू गोठवून मिळालेले ज्ञान संपूर्ण वस्तूचे असते का?

जैन तत्त्वज्ञानात अशा एकांगी पण खऱ्या ज्ञानाला ‘नय’ म्हणतात. उमास्वातींच्या तत्त्वार्थसूत्रात ‘प्रमाण’, म्हणजे वस्तूचे समग्र ज्ञान, आणि ‘नय’ अशी ज्ञानाची दोन साधने वेगळी सांगितली आहेत. नय खोटा नसतो. आपणच पूर्ण असल्याचा हट्ट त्याने धरला की दुर्नय होतो. लातूरशी या विचाराचे नाते दूरचे, पण गणितातूनच जाणारे आहे. राष्ट्रकूट राजे स्वतःला लट्टलूरचे अधिपती म्हणवत, आणि लट्टलूर म्हणजे आजचे लातूर असे सामान्यतः मानतात. त्याच घराण्यातल्या अमोघवर्षाच्या काळात, इ.स. ८५० च्या सुमारास, महावीराचार्यांनी ‘गणितसारसंग्रह’ रचला. ग्रंथारंभी राजाची स्तुती आहे, तीत त्याला एकांतपक्ष मोडून स्याद्वाद, म्हणजे प्रत्येक विधान कुठल्यातरी अपेक्षेनेच खरे असते हे मत, मांडणारा म्हटले आहे. अंकगणिताच्या ग्रंथात ही स्तुती अनपेक्षितच.

शंकराचार्यांनी ब्रह्मसूत्रभाष्यात स्याद्वादावर आक्षेप घेतला: परस्परविरोधी धर्म एकाच वस्तूत एकाच वेळी राहू शकत नाहीत. उतारांपुरती स्याद्वाद्याची बाजू भक्कम आहे, कारण प्रत्येक उताराला त्याची दिशा जोडलेली असते. सीमेचा, म्हणजे बिंदूकडे जाताना फलन कोणत्या किमतीकडे जाते याचा, विषय निघाला की मात्र आक्षेपाला धार चढते. दोन वाटांनी दोन उत्तरे आली, तर गणित ‘दोन्ही खरी’ म्हणत नाही. सीमा अस्तित्वातच नाही म्हणते.

त्याहून चकवणारे एक ठरीव उदाहरण आहे. क्षचा वर्ग गुणिले य हा अंश. क्षचा चौथा घात अधिक यचा वर्ग हा छेद. मूळबिंदूकडे कोणत्याही सरळ रेषेने गेले तरी हे फलन शून्याकडे जाते. रेषा अगणित, साक्ष एकच. पण य बरोबर क्षचा वर्ग, या पॅराबोलावरून गेले की उत्तर येते एक द्वितीयांश. असंख्य नय एकमताने बोलले, तरी प्रमाण हाती लागले नाही.

उलट, दोन्ही आंशिक अवकलज बिंदूच्या आसपास अस्तित्वात असून बिंदूपाशी संतत असतील, तर दोनच आकडे पुरतात. त्यांवरून स्पर्शप्रतल मिळते आणि हव्या त्या दिशेचा उतार काढता येतो. उत्तरपत्रिकेत ही अट बहुधा एका ओळीत उरकली जाते. तीत तपासायचे असते ते एकट्या बिंदूचे नव्हे, त्याच्या शेजाराचे वागणे.